सर्व्हर डाऊन : अस्मानी की सुलतानी?

आपल्या मराठीत संकटं दोन प्रकारची. एक अस्मानी, दुसरं सुलतानी. पाऊस पडला नाही, गारा आल्या, नदी घरात शिरली, हे अस्मानी. वसुलीला आलेल्या माणसाने दारची बैलजोडी सोडून नेली, हे सुलतानी. फारसीतून आलेले हे दोन शब्द आपल्या शेतकऱ्याने फार नेमके वापरले. कोणत्या दुःखापुढे हात जोडायचे आणि कोणत्या दुःखाचा जाब विचारायचा, हे त्याला कळत होतं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मात्र एका वाक्याने ही समजच बिघडवून टाकली आहे. ‘सर्व्हर डाऊन आहे.’

रेशनच्या दुकानात हे वाक्य ऐकू येतं, बँकेत, सेतू केंद्रात, शाळेच्या ऑफिसात ऐकू येतं. ऐकणारा माणूस मान डोलावतो आणि घरी जातो, जणू बाहेर धो धो पाऊस लागला आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी दिवसाची मजुरी बुडवून तिसऱ्यांदा आलेला बाप मला सांगतो, “सर्वर डाऊन हय बोले मॅडम. नसीब.” या ‘नसीब’ शब्दाशी माझं भांडण आहे. यंत्र बिघडणं एक वेळ अस्मानी म्हणू. पण यंत्र बिघडलं म्हणून कुणाची मजुरी बुडावी, कुणाचा फॉर्म राहावा आणि कुणाला काहीच होऊ नये, हे आधीच कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलेलं असतं. ते शंभर टक्के सुलतानी आहे.

मी इंजिनिअर नाही, बी.एड. झालेली शिक्षिका आहे. पण बी.एड.ला मूल्यमापन शिकवतात, आणि हा विषय मुळात मूल्यमापनाचा आहे. यंत्र किती वेगाने काम करतं आणि त्यातलं काही मोडलं तरी किती काम चालू राहतं, हे मोजायचं कसं? चुकीचं मोजलं तर नापास व्यवस्थाही पहिल्या नंबराने पास होते. आपल्याकडे नेमकं तेच चाललं आहे.

आधी ‘सर्व्हर’ हा एकवचनी शब्दच फसवा आहे. कुठेतरी एक मोठं कपाट आहे आणि ते बंद पडलं, असं चित्र डोळ्यापुढे येतं. प्रत्यक्षात तुम्ही एक बटण दाबता तेव्हा कामाला लागतात दहा-वीस, कधी शेकडो यंत्रं. एक तुमची ओळख तपासतं, दुसरं जुनी नोंद शोधतं, तिसरं बँकेला विचारतं, चौथं ओटीपी पाठवतं. ही यंत्रं वेगवेगळ्या इमारतींत, वेगवेगळ्या शहरांत असतात आणि तारांवरून एकमेकांशी बोलतात. यालाच वितरित संगणक प्रणाली म्हणतात. या शास्त्रातले मोठे नाव लेस्ली लॅम्पोर्ट. त्यांनी १९८७ साली अशा प्रणालीची गमतीने व्याख्या केली होती, तिचा मतलब असा : जे यंत्र जगात आहे हेच तुम्हाला माहीत नाही, ते बंद पडल्यावर तुमचं काम थांबतं, ती वितरित प्रणाली. रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या खालाजानला हा विनोद समजावून सांगावा लागणार नाही.

तिच्याच रांगेचा हिशोब करू. ई-पॉस मशीन चालू हवं, त्यातल्या सिमला रेंज हवी, राज्याचा सर्व्हर जागा हवा, आधारची पडताळणी यंत्रणा जागी हवी आणि शेवटी भांडी घासून झिजलेलं बोट मशीनने ओळखायला हवं. पाच कड्या. समजा प्रत्येक कडी शंभरातून ९८ वेळा नीट चालते. ऐकायला किती छान वाटतं! प्रत्येक कडीचा मालक छाती फुगवून सांगेल, आमचं काम ९८ टक्के. पण साखळीत टक्के एकमेकांशी गुणले जातात. ९८ टक्के पाचदा गुणा, उत्तर येतं ९० टक्के. म्हणजे शंभरातले जवळजवळ दहा जण रिकाम्या पिशवीने घरी, आणि दोषी कुणीच नाही. हे नुसतं कागदी गणित नाही. मार्च २०१८मध्ये आधार प्राधिकरणाच्या प्रमुखांनी सर्वोच्च न्यायालयापुढे जे सादरीकरण केलं, त्यात सरकारी सेवांमधल्या पडताळणीच्या यशाचा आकडा ८८ टक्क्यांचा होता. उरलेले १२ कोण, त्यांनी त्या दिवशी काय खाल्लं, हे टक्केवारीत दिसत नाही.

आता सरासरीकडे वळते, कारण खरी लबाडी तिथे आहे.

बी.एड.ला पहिल्याच महिन्यात शिकवतात की वर्गाची सरासरी ६० आली म्हणून खूश होऊ नका. पाच मुलांना शून्य असेल तरी सरासरी ६० येऊ शकते. म्हणून शततमक काढायचा, शेवटच्या बाकावरच्या मुलाकडे बघायचं. संगणकाच्या जगात शहाणी माणसं हेच करतात. ‘आमचं पान सरासरी अर्ध्या सेकंदात उघडतं’ या वाक्याला ती किंमत देत नाहीत. ती विचारतात, ९९वा शततमक किती? म्हणजे शंभरातल्या सर्वांत कमनशिबी माणसाला किती वेळ थांबावं लागलं? ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी २००७मध्ये आपल्या ‘डायनॅमो’ नावाच्या साठवणव्यवस्थेवर शोधनिबंध लिहिला. त्यात त्यांनी साफ सांगितलं आहे की सरासरीवर आम्ही समाधानी नाही, आम्ही हजारात ९९९ व्या माणसाचा वेळ मोजतो. कारणही शुद्ध व्यापारी. ज्या गिऱ्हाइकाची खरेदी जास्त, त्याच्या नोंदी जास्त, म्हणून त्याचंच पान उशिरा उघडतं. आणि नेमकं तेच गिऱ्हाईक दुकानाला सोन्याहून मोलाचं.

गूगलचे जेफ डीन आणि लुइझ बारोसो यांनी २०१३मध्ये आणखी एक हिशोब मांडला. समजा एक यंत्र शंभरातून एकदाच रेंगाळतं. क्षुल्लक बाब. पण तुमचं एक काम पुरं व्हायला अशा शंभर यंत्रांची उत्तरं यावी लागत असतील, तर शंभरातल्या ६३ जणांचं काम रेंगाळणार! ०.९९ शंभर वेळा गुणून पाहा, घरचा कॅल्क्युलेटर पुरतो. प्रत्येक यंत्र वेगळं तपासलं तर सगळी पास, आणि सगळी मिळून नापास. हे निकालपत्र बघून मला तरी आमच्या काही शाळातपासण्या आठवतात, पण तो विषय वेगळा.

मूल्यमापनात आणखी दोन शब्द शिकवतात. विश्वसनीयता आणि सप्रमाणता. काटा रोज एकच वजन दाखवतो, ही झाली विश्वसनीयता. तो खरं वजन दाखवतो, ही सप्रमाणता. निविदांमध्ये लिहिलेला ‘९९.९ टक्के काळ चालू’ हा आकडा पहिल्या कसोटीत पास आणि दुसरीत सपशेल नापास आहे. वर्षाच्या ९९.९ टक्के वेळ चालू म्हणजे वर्षात पावणेनऊ तास बंद. हे पावणेनऊ तास मध्यरात्री, सुट्टीच्या दिवशी विखरून आले तर कुणाला पत्ताही लागणार नाही. तेच फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेला सकाळी दहापासून आले तर हजारो मुलांचं वर्ष गेलं. आकडा दोन्हीकडे तोच. कंत्राटदाराचं बिल दोन्हीकडे पूर्ण निघतं.

आणि ते शेवटच्या तारखेलाच येतात, हा योगायोग नसतो. रांगेचं गणितच तसं आहे. खिडकीवर एकाचं काम व्हायला सरासरी दोन मिनिटं लागतात आणि माणसं कधीही येतात असं धरा. कारकून निम्मा वेळ मोकळा असेल तर येणाऱ्याची सरासरी चार मिनिटांत सुटका होते. तो ९० टक्के वेळ गुंतलेला असेल तर वीस मिनिटं लागतात. ९९ टक्के गुंतलेला असेल तर दोनशे मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. कारकून तोच, कामाचा वेगही तोच. गर्दी थोडी वाढते आणि वाट पाहणं दसपट होतं. म्हणून महिन्याभराच्या शांत दिवसांवर घेतलेली चाचणी शेवटच्या दिवसाबद्दल काहीही सांगत नाही. पोरांची परीक्षा सोप्या धड्यावर घ्यायची आणि बोर्डात अवघड धडा यायचा, तसंच हे.

१६ जुलै २०२१ आठवा. दहावीचा निकाल. कोरोनामुळे त्या वर्षी परीक्षाच झाली नव्हती, अंतर्गत गुणांवर निकाल लागला होता. दुपारी एक वाजता निकाल दिसणार असं आधीच जाहीर झालेलं. एक वाजला आणि संकेतस्थळं कोसळली. कित्येक तास पोरं मोबाइलवर गोल गोल फिरणारं चक्र बघत बसली.

याचा हिशोब करायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. विद्यार्थी पंधरा लाखांहून जास्त. वर्षाची सरासरी काढली, प्रत्येकाने एकदा निकाल पाहिला असं धरलं, तर दर २१ सेकंदांनी एक जण येणार. जुना लॅपटॉपही हे काम करील. पण निकाल वर्षभर कोण बघतं? सगळे एक वाजता बघतात. पहिल्या दहा मिनिटांत सगळे आले तर सेकंदाला अडीच हजार. पान उघडलं नाही म्हणून प्रत्येकाने दहादा प्रयत्न केला की सेकंदाला पंचवीस हजार. दर २१ सेकंदांना एक ते दर सेकंदाला पंचवीस हजार, एवढी दरी आहे सरासरी आणि खऱ्या दिवसात. शिवाय दिवस, तास, मिनिट, सगळं आपणच ठरवलेलं. पूर येणार हे माहीत असतं तेव्हाही वेळ माहीत नसते. इथे तर वेळही पेपरात छापून आली होती!

आणि निकाल दाखवणं हे या क्षेत्रातलं सगळ्यांत सोपं काम. निकाल एकदा लागला की बदलत नाही. न बदलणाऱ्या गोष्टीच्या हव्या तेवढ्या प्रती काढून हव्या तेवढ्या यंत्रांवर ठेवता येतात, त्यांना एकमेकांशी बोलावंही लागत नाही. एका विद्यार्थ्याच्या निकालाला दोन किलोबाइट धरले तरी सगळ्या राज्याचा निकाल तीन जीबीत बसतो. तुमच्या-माझ्या फोनमध्ये लग्नाचे व्हिडिओ याहून जास्त असतात. एवढ्या सामानाच्या शंभर प्रती आधीच्या रात्री ठेवून द्यायला अवघड काय होतं? अवघड काम वेगळं असतं. अकरावीच्या जागा वाटणं अवघड आहे, कारण तिथे एकच जागा दोघांना देऊन चालत नाही. जिथे काम सोपं तिथेही ‘तांत्रिक अडचण’ आणि जिथे अवघड तिथेही ‘तांत्रिक अडचण’. हा शब्द आता कारण राहिलेला नाही, ते एक झाकण आहे.

पान उघडलं नाही की माणूस पुन्हा बटण दाबतो. मग म्हणतात, लोकांना सबर नाही, लोकांनीच सर्व्हर पाडला. हा आरोप मला सर्वांत संतापजनक वाटतो, कारण यंत्रंही अगदी हेच करतात. १२ एप्रिल २०२५ला यूपीआय कित्येक तास अडखळलं. भाजीवाल्यापासून पेट्रोल पंपापर्यंत सगळे अडकले. नंतर एनपीसीआयच्या तपासात निघालं की काही बँकांच्या यंत्रणा ‘तो व्यवहार झाला का, तो व्यवहार झाला का’ असं सारखं विचारत राहिल्या होत्या, जुन्यापुराण्या व्यवहारांबद्दलसुद्धा. त्या प्रश्नांच्या भडिमाराखाली मूळ काम दबलं. सबर शिकवावा लागतो तो यंत्राला. उत्तर आलं नाही तर एक सेकंद थांब, मग दोन, मग चार, मग आठ, आणि सगळ्यांनी एकदमच परत येऊ नये म्हणून प्रत्येकाने थोडं मागेपुढे ये. हे तंत्र नवं नाही, अभियंते ते वर्षानुवर्षं वापरत आले आहेत. चांगली प्रणाली झेपेनाशी गर्दी झाली की काहींना नम्रपणे सांगते, तुमचा नंबर अमुक, इतक्या मिनिटांनी या. वाईट प्रणाली सगळ्यांना आत घेते आणि कुणालाच काही देत नाही.

‘पैसे कापले पण पावती आली नाही’ हा प्रकारही याच घरातला. तुमचं मशीन बँकेला निरोप पाठवतं आणि उत्तर येत नाही. आता निरोपच पोचला नाही, की निरोप पोचला, काम झालं, पण उत्तर वाटेत हरवलं? पाठवणाऱ्याला हे कधीच खात्रीने कळू शकत नाही. हे गणिताने सिद्ध झालेलं आहे, इथे खरोखर कुणाचा इलाज नाही. इलाज आहे तो पुढे. प्रत्येक अर्जाला पहिल्याच क्षणी एक वेगळा क्रमांक द्या आणि त्या क्रमांकाचा निरोप दहा वेळा आला तरी काम एकदाच करा. मग माणसाने दहादा बटण दाबलं तरी फी एकदाच कापली जाईल. ज्या पोर्टलवर ‘कृपया बटण पुन्हा दाबू नका, पान रिफ्रेश करू नका’ अशी लाल अक्षरातली ताकीद दिसते, तिथे समजा की हे काम केलेलं नाही आणि त्याची जोखीम तुमच्या खिशावर टाकली आहे.

आता दुसऱ्या अंगाकडे, म्हणजे मोडल्यावर काय होतं तिकडे. एक यंत्र शंभरात दोनदा बंद पडत असेल तर जोडीला दुसरं ठेवा. दोन्ही एकाच वेळी बंद पडायची शक्यता दहा हजारांत चार. किती सोपं! यात एकच अट लपलेली आहे : दोन्हींच्या बिघाडाचं कारण वेगळं हवं. ती अट मोडली की काय होतं ते मुंबईने २४ फेब्रुवारी २०२१ला पाहिलं. राष्ट्रीय शेअर बाजारातले व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले, ते सुरू व्हायला दुपारचे पावणेचार वाजले. बाजाराने खबरदारी म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या तारा घेतल्या होत्या. पण दोन्ही तारा रस्त्याच्या खोदकामात तुटल्या. कंपन्या दोन, फावडं एक. उर्दूवाल्यांना हे पटकन कळेल. एकाच चुकीच्या नुसख्यावरून दोन कातिबांनी प्रती केल्या, तर दोन प्रती झाल्या म्हणून मजकूर शुद्ध होत नाही. जुलै २०२४मध्ये हेच जगभर झालं. क्राउडस्ट्राइकची एक सदोष फाइल सगळीकडे एकदम पोचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज संगणक एकाच सकाळी आडवे झाले.

पण शेअर बाजाराच्या गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सेबीने ‘तांत्रिक अडचण’ एवढं उत्तर ऐकून घेतलं नाही. संकट आलं तर ठरावीक मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू झालंच पाहिजे, असा नियम कडक केला. बाजार आणि त्याच्या क्लिअरिंग कंपनीने २०२३मध्ये ७२ कोटींहून जास्त रुपये भरून प्रकरण मिटवलं. आणि २ मार्च आणि १८ मे २०२४, या दोन शनिवारी, सुट्टी असताना, खास बाजार भरवला गेला. कशासाठी? मुख्य केंद्र बाजूला ठेवून पर्यायी केंद्रावर खरोखरचे सौदे चालतात का, ते पाहण्यासाठी. बिघाड सोसण्याची ताकद अशी मोजतात. कागदावर नाही, मुद्दाम तोडून. नेटफ्लिक्सने तर एक प्रोग्रामच बनवला, ‘केऑस मंकी’ नावाचा. तो ऑफिसच्या वेळेत, सगळे जागे असताना, चालू यंत्रांमधलं एखादं यंत्र अचानक बंद करतो. ते माकड सुटलेलं असतानाही पिक्चर थांबला नाही, तर प्रणाली पास.

बँकांच्या बाबतीतही असंच. डिसेंबर २०२०मध्ये रिझर्व्ह बँकेने एचडीएफसी बँकेला नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डं थांबवायला सांगितलं. दोन वर्षांत सेवा अनेकदा बंद पडली होती आणि नोव्हेंबरमध्ये मुख्य डेटा सेंटरची वीज गेल्याचं निमित्त झालं. देशातल्या सगळ्यांत मोठ्या खासगी बँकेचा हात धरला. पूर्ण बंदी उठायला मार्च २०२२ उजाडलं.

म्हणजे आपल्या देशाला हे जमतं. कायदा करता येतो, दंड घेता येतो, शनिवारी तालीम करता येते. प्रश्न फक्त कुणासाठी, हा आहे. शेअर बाजार चार तास थांबला तर श्रीमंताचे पैसे अडकतात, म्हणून तिथे नियम मिनिटांत मोजला जातो. शिष्यवृत्तीचं पोर्टल चार दिवस थांबलं तर त्याला साधी एक ओळीची सूचना, तीही इंग्रजीत. रेशनचा सर्व्हर बंद राहिला म्हणून कुठल्या कंत्राटदाराची नवी कामं थांबवल्याचं तुम्ही ऐकलंय?

इथे नेहमीचा बचाव येतो. देश मोठा आहे, पैसा कमी आहे, थोडंफार चालायचंच. मी हे मान्य करते की सगळं कधीच शंभर टक्के चालणार नाही. एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडलेला आणि गिल्बर्ट-लिंच यांनी २००२मध्ये सिद्ध केलेला एक सिद्धांत तर सरळ सांगतो की यंत्रांमधली तार तुटली की दोनपैकी एकच निवडता येतं. एक तर ‘आत्ता उत्तर देता येत नाही’ म्हणून दार लावून घ्या, किंवा हाताशी असलेल्या माहितीवर काम चालू ठेवा आणि चूक निघाली तर नंतर दुरुस्त करा. तिसरा रस्ता नाही. पण दोनांतला कुठला निवडायचा, हे गणित सांगत नाही. ते माणूस ठरवतो. ॲमेझॉनने काय ठरवलं ते पाहा. वर सांगितलेल्या डायनॅमोमध्ये खरेदीची टोपली कधीही ‘नाही’ म्हणत नाही. तारा तुटू देत, यंत्रं पडू देत, गिऱ्हाइकाने टाकलेली वस्तू आत घ्यायचीच. नंतर दोन याद्या जुळवताना एखादी काढून टाकलेली वस्तू परत दिसली तरी चालेल, पण गिऱ्हाईक दारातून परत जाता कामा नये.

साबण विकणाऱ्याने ठरवलं की बिघाडाचं नुकसान दुकानाचं. आपल्या रेशनच्या यंत्रणेने, फॉर्मच्या पोर्टलने ठरवलं की बिघाडाचं नुकसान मागणाऱ्याचं. रेल्वेच्या सिग्नलची तार तुटली की सिग्नल लाल होतो, कारण गाडी उभी राहणं हेच तिथे सुरक्षित. धान्याच्या बाबतीत सुरक्षित काय? कार्ड हातात आहे, नाव यादीत आहे, दुकानदार दहा वर्षं ओळखतो आणि फक्त पडताळणीची तार तुटली आहे, तर गहू देऊन वहीत नोंद करणं सुरक्षित, की उपाशी परत पाठवणं? एखादी बोगस गोणी गेली तर सरकारचं नुकसान काहीशे रुपयांचं. पडताळणी न झाल्यास वहीवर धान्य द्यावं अशा सूचना कागदावर निघालेल्याही आहेत. मग दुकानदार देत का नाही? कारण मशीनमधून निघालेला गहूच त्याच्या हिशोबात धरला जातो, वहीतल्या नोंदीचं पुढे काय होईल याचा त्याला भरवसा नाही. प्रणाली ज्या बाजूला कोसळते, त्या बाजूला गरीब उभा असतो, आणि त्याला तिथे उभं केलं गेलेलं असतं.

फॉर्मच्या बाबतीत तर एवढाही पेच नाही. शेवटच्या दिवशी पोर्टल दोन तास बंद राहिलं तर मुदत आपोआप दोन दिवस वाढावी, ही अट प्रोग्राममध्ये दहा ओळींत लिहिता येते. आज काय होतं? मुदतवाढीचं पत्रक निघतं, पण निघतं तीन दिवसांनी, आणि ते कळतं ज्याच्याकडे व्हॉट्सॲप आहे त्याला.

अमेरिकेतली आणखी एक गोष्ट सांगते. गिटलॅब नावाची कंपनी, ३१ जानेवारी २०१७. थकलेल्या एका अभियंत्याकडून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपचे पाच उपाय होते, पाहायला गेले तर पाचांपैकी एकही धड कामाचा नव्हता. अखेर योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली. मला यातलं कौतुक वाटतं ते पुढच्या वागण्याचं. त्यांनी दुरुस्तीचं काम यूट्यूबवर सगळ्यांसमोर चालवलं आणि नंतर काय चुकलं, का चुकलं, पाचही बॅकअप का कामाचे नव्हते, हे सविस्तर लिहून जाहीर केलं. त्या अभियंत्याला बळीचा बकरा केलं नाही. आपल्याकडे मोठं पोर्टल कोसळल्यावर असा एखादा अहवाल जनतेच्या हाती पडला आहे का? चौकशीचे आदेश निघतात, बातमी छापून येते, आणि पुढच्या वर्षी तेच पोर्टल त्याच तारखेला पुन्हा कोसळतं.

म्हणून माझं वाचकांना, खास करून शिक्षक आणि वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या पोरापोरींना सांगणं आहे. पुढच्या वेळी पोर्टल बंद पडलं की नुसतं हळहळू नका. तारीख, वेळ आणि स्क्रीनचा फोटो ठेवा, दहा जणांचा ठेवा. मग माहितीच्या अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसणारा हवा, तेवढी जागा पुरते. विचारा की शेवटच्या तारखेला एका तासात जास्तीत जास्त किती लोक आले आणि चाचणी किती लोकांसाठी घेतली होती. विचारा की शंभरातल्या शेवटच्या माणसाला फॉर्म भरायला किती वेळ लागला, सरासरी नको. पर्यायी केंद्र कुठे आहे आणि मुख्य केंद्र मुद्दाम बंद करून त्याची तालीम शेवटची कोणत्या तारखेला झाली, ती तारीख मागा. बंद पडलेल्या तासांसाठी कंत्राटदाराच्या बिलातून किती रुपये कापले, तेही विचारा. अर्ज कागदावर लिहा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. ऑनलाइनही करता येतो, सर्व्हर चालू असेल तेव्हा.